पट्ट्याची ओढ

पट्टा दोरीवर वाळत होता. एका अंगाला माझा परकर, दुसऱ्या अंगाला ह्यांची बंडी, आणि मधे दोन चिमटे लावून लटकवलेला तो दीड हात लांब, चार बोटं रुंद चामड्याचा पट्टा. आश्विनातलं चरचरीत ऊन होतं. मी न्हाणीच्या दगडावर उभी राहून त्याच्याकडे कौतुकानं बघत होते. सकाळी हातात घेतला तेव्हा तो काळाकुळकुळीत, ओशट, आणि वास तर असा की नाक धरावं. धुण्याचा साबण, काथ्या आणि तासभराची मेहनत खर्ची घालून मी त्याचा मूळचा तांबूस रंग वर काढला होता.

खंडेनवमी होती. त्या दिवशी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडायची, त्यांना हळदकुंकू वाहायचं आणि दिवसभर त्यांना सुट्टी द्यायची. सासूबाईंना मी आत्या म्हणायची आणि सासऱ्यांना मामा. त्यांनी सकाळीच मामांची धोकटी, म्हणजे न्हाव्याच्या हत्यारांची पिशवी, माझ्यापुढं आणून ठेवली आणि म्हणाल्या, "उजे, ह्यातलं समदं घासून मांड बरं का. समदं." मी नवी सून. समदं म्हणजे समदं.

मामा आंघोळ करून आले. ज्ञानोबा राऊत म्हटलं की आमच्या बोरवंड्यातच काय, आसपासच्या पाच गावांत हजामतीतला शेवटचा शब्द. उंच, वाळलेले, मिशा पांढऱ्या. ते माझ्याशी थेट बोलत नसत. सुनेशी काही बोलायचं झालं तर आत्यांच्या तोंडानं, आणि आत्या जवळ नसल्या तर अंगणातल्या लिंबाच्या झाडाकडं बघून. त्यांनी पाटावरची हत्यारं डोळ्यांनीच मोजली. चार वस्तरे, दोन कात्र्या, नखं काढायची नराणी, पितळी वाटी. चिंचेनं घासलेली वाटी तर नुसती लखलखत होती.

"आगं, पट्टा कुठाय?" त्यांनी आत्यांना विचारलं.

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हसतमुखानं दोरीकडं बोट केलं.

मामा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूहळू दोरीपाशी गेले, चिमटे काढले, पट्टा हातात घेऊन वाकवला. तव्यावरच्या पापडासारखा तो करकरला. त्यांनी त्याच्यावरून तळहात फिरवला, आणि ओट्यावर मटकन बसले.

"ओढ गेली," ते म्हणाले.

मला वाटलं, कुणीतरी गेलं. मी घाबरून विचारलं, "कोण गेलं, मामा?"

तेवढ्यात हे बाहेरून आले. आमचे हे म्हणजे दिगंबर. त्यांनी एकदा दोरीकडं बघितलं, एकदा पट्ट्याकडं, एकदा माझ्या साबणाच्या हातांकडं, आणि फस्सकन हसले. ते हसणं आमच्या घराला फार महागात पडलं. मामा ताडकन उभे राहिले.

"असं व्हय!" ते म्हणाले. "तूच शिकवलंस हिला. उद्याचा डाव आजच मारलास व्हय रं दिग्या?"

"तात्या, शप्पथ! मला काय म्हायती न्हाई!"

"मग हसलास का?"

हसू आलं म्हणून हसले, दुसरं काय.

उद्याचा डाव काय होता ते सांगायला हवं, त्याशिवाय मी काय करून ठेवलं होतं ते कळायचं नाही. माझं माहेर सोलापूरचं. माझ्या वडलांचं तिथं सलून, भिंतीभर आरसे, फिरत्या खुर्च्या. तिथं वस्तऱ्यात अर्धं ब्लेड मोडून बसवायचं आणि दाढी झाली की फेकून द्यायचं. लग्न ठरल्यावर हे दोन महिने वडलांच्या हाताखाली राहून आले आणि येताना असाच एक वस्तरा आणि ब्लेडची पाकिटं घेऊन आले. तेव्हापासून घरात धुसफूस. हे म्हणत, पोरं ब्लेडच मागतात, जुना वस्तरा आता पेटीत ठेवा. मामा म्हणत, फेकायच्या धारेला धार म्हणू नये. शेवटी पितृपंधरवड्यात दोघांची पैज लागली. दसऱ्याच्या सकाळी, चार माणसांपुढं, एकाच माणसाची दाढी. डावा गाल मामा जुन्या वस्तऱ्यानं करणार, उजवा हे ब्लेडनं. ब्लेड जिंकलं तर मामांनी चारही वस्तरे पेटीत ठेवायचे आणि दुकानात फक्त बसायला यायचं. वस्तरा जिंकला तर मामांचा हात चालतोय तोवर ह्यांनी ब्लेडचं नाव काढायचं नाही. आणि ज्याची दाढी तोच परीक्षक, रामलिंगअप्पा. गावातले किराणावाले. अप्पांची कातडी इतकी नाजूक की उन्हानं पेटायची, साबणानं पेटायची, कुणी वाकडं बोललं तरी पेटायची.

आता त्या जुन्या वस्तऱ्याचं असं असतं की तो दगडावर महिन्या-दोन महिन्यांनी एकदा जातो, पण पट्ट्यावर दर दाढीला. खुंटीला पट्टा अडकवायचा, खालचं टोक डाव्या हातात ताणून धरायचं आणि वस्तरा वरखाली फिरवायचा. त्यानं धारेवर उठलेले केसाएवढे बारीक काटे जागेवर बसतात. पट्टा नसेल तर वस्तरा म्हणजे नुसती सुरी. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी पट्टा नावाची वस्तू जन्मात पाहिली नव्हती. न्हाव्याची पोर असून! मला वाटलं, कुणाचा तरी बक्कल तुटलेला कमरेचा पट्टा असेल, आठवण म्हणून ठेवलेला.

म्हणजे मामांची उभी हयात ज्यावर परजली गेली होती ती वस्तू पैजेच्या आदल्या दिवशी मी धुऊन वाळत घातली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. खरं सांगायचं तर मला त्या घरात करमतच नव्हतं. वैशाखात लग्न झालं होतं. दसऱ्याला माझा भाऊ सुधाकर मुराळी म्हणून न्यायला येणार होता, आणि आठ दिवसांपूर्वीच मी माझी ट्रंक भरून पलंगाखाली सरकवून ठेवली होती. एकदा सोलापूरला पोचले की कधी अंगात कणकण आहे, कधी आईला बरं नाही, असं करत संक्रांतीपर्यंत ताणायचं मी मनात पक्कं केलं होतं. आता तर वाटलं, परत कुठल्या तोंडानं यायचं?

आत्या माझ्यामागून आत आल्या. मला वाटलं, आता माझी पूजा बांधतात. त्या फळीवरची बाटली शोधत होत्या.

"रडून कातडं भिजत न्हाई," त्या म्हणाल्या. "माज्या म्हायेरी कातड्याची मोट व्हती. उन्हाळाभर कोरड्या हिरीवर पडून लाकूड व्हायची. माजा बाप एरंडेल लावायचा. ऊठ."

एरंडेलाची बाटली घेऊन आम्ही दोघी ओट्यावर आलो. मामा खाटेवर भिंतीकडं तोंड करून निजले होते. हे अंगणाच्या कोपऱ्यात, आपण तिथं नाहीच असं दाखवत, झेंडूच्या माळा ओवत होते. मी बाटली उघडून तेलाची धार पट्ट्यावर धरणार, एवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

"आगं ए, तिला म्हणावं, तेल कातड्याला पाजायचं नसतंय. लोळंल ते. चार थेंब. आन् ते बी हातावर."

"चार थेंब हातावर," आत्यांनी मला सांगितलं. मी तिथंच तर बसले होते.

"आन् आदी सावलीत घ्यावं म्हणावं. वल्ल्या फडक्यात घटकाभर गुंडाळून ठेवावं. उन्हानं आकसलंय ते."

"वल्ल्या फडक्यात," आत्या म्हणाल्या.

घटकाभरानं फडकं सोडलं. पट्टा करकरायचा थांबला होता, पण कडा वर उचलल्या होत्या आणि मधे पन्हाळ पडली होती. मी पोळपाट आणला, पट्टा त्याच्यावर पसरला आणि लाटणं घेतलं. ते बघून आत्यांनी तोंडाला पदर लावला. पण मला दुसरं काय येत होतं? पोळी लाटतात तसं मी त्याला मधून कडेला, मधून कडेला लाटत गेले. खाटेवरची पाठ जराशी वळली. मामा एका डोळ्यानं बघत होते.

"हलक्या हातानं," ते म्हणाले. या वेळी 'तिला म्हणावं' राहूनच गेलं.

"बरं, मामा."

"कडंनं नगं. मधनं."

"मधनंच घेतीय, मामा."

"मग बरं." मामा उठून बसले. आत्या उठून आत भाकरीला गेल्या. निरोप्याचं काम संपलं होतं.

पट्टा सपाट झाला. मग तळहातावर चार थेंब एरंडेल घेऊन दोन्ही हात चोळायचे आणि तळहात पट्ट्यावरून फिरवायचा. वरून खाली, दाबून, आणि खालून वर मोकळा. पन्नास वेळा. मग थांबायचं, कातड्याला घेऊ द्यायचं, परत पन्नास. मामा खाटेवरनं मोजत होते. तिसऱ्या पन्नाशीला माझा हात लालबुंद झाला. पाचव्या पन्नाशीला खांदा भरून आला.

"मामा," मी विचारलं, "ओढ म्हणजे काय वो?"

त्यांनी लिंबाकडं बघितलं नाही. माझ्याकडंच बघितलं.

"वस्तरा फिरवला की कातड्यानं त्याला जरा धरलं पायजे. सोडायचं तर हाय, पर पटकन न्हाई. 'थांब की रं,' म्हनल्यावानी. ती ओढ. निसता गुळगुळीत पट्टा असला की वस्तरा घसरत जातोय, धारंला काय बी लागत न्हाई. खरबरीत असला तर धार खातोय. ओढ मदली असती." मग म्हणाले, "ती बाजारात मिळत न्हाई. हातानं येती. रोज हात लागला की येती. मी चाळीस वर्सं हात फिरवलाय त्यावर."

आणि मी तासाभरात धुऊन टाकली. ते तसं म्हणाले नाहीत, मीच मनात म्हटलं आणि पुढची पन्नाशी जोरात घेतली.

उन्हं उतरायला लागली तेव्हा ते घडलं. इतका वेळ तळहात नुसता घसरत खाली जायचा तो मधेच अडखळला. माझं बोट नाही, हात नाही, पट्ट्यानंच मला धरलं. अगदी पुसटसं. मी थांबले, परत हात फिरवला. परत धरलं.

"मामा, हे धरतंय!"

मामा खाटेवरनं उतरले, शेजारी उकिडवे बसले, आपला तळहात पट्ट्यावरून फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसेना.

"धरतंय?" त्यांनी मला विचारलं.

"व्हय."

"नक्की?"

"मामा, हितं बगा, ह्या मदल्या भागात जास्ती धरतंय. वरच्या टोकाला अजून न्हाई."

त्यांनी परत हात फिरवला आणि काढून घेतला. "परत बग." मी परत बघितलं. "धरतंय?" "धरतंय." असं त्यांनी मला चार वेळा विचारलं. मला वाटलं, मामांचा माझ्यावर विश्वास नाही, आणि तो असावा असं मी केलं तरी काय होतं. मला जरा वाईट वाटलं. पण दिवेलागणीपर्यंत मी वरच्या टोकावरही हात फिरवत राहिले. मग पट्ट्याला पाटावर इतर हत्यारांशेजारी जागा मिळाली, आणि आत्यांनी त्याला वेगळं, ठसठशीत कुंकू लावायला बोट उचललं.

"आगं, कुंकू नगं त्याला!" मी आणि मामा एकदमच ओरडलो.

आत्या आम्हा दोघांकडं बघतच राहिल्या.

दसऱ्याला आमच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. ओसरी हेच दुकान, एक लाकडी खुर्ची, एक आरसा, आणि आतल्या दाराला निळा पडदा. आम्ही दोघी पडद्यामागं. चौकटीला झेंडूचं तोरण होतं. रामलिंगअप्पा नवं धोतर नेसून, जावई आल्यासारखे, खुर्चीत बसले होते.

"ह्ये बगा," ते आधीच सांगत होते, "मी कुनाची बाजू घ्यायचा न्हाई. माजं कातडं काय म्हणंल ते."

मामांनी वस्तरा उकळत्या पाण्यातनं काढून पुसला, पट्टा खुंटीला अडकवला, खालचं टोक ताणून धरलं. वस्तऱ्याची पाठ पुढं, धार मागं. खाली जाताना एक कूस, वर येताना दुसरी. सळ्ळ, सळ्ळ. ओसरीतला गलका बंद झाला. दहा वेळा, वीस वेळा. मामा थांबले. आणि गालाकडं वळायच्या ऐवजी ते पडद्याकडं वळले.

"काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं.

कुणाला वाटलं आत्यांना विचारलं, कुणाला वाटलं देवाला. मला कळलं होतं, ते मलाच विचारत होते. काल दिवसभर तो पट्टा माझ्या हाताखाली होता. खाली जाताना त्याचा आवाज भरीव होता, पण वर येताना मधेच पातळ व्हायचा. वरचं टोक. तिथं अजून धरत नव्हता.

"वरचं टोक सोडून घ्या, मामा," मी पडद्याआडून म्हणाले. "मदल्या भागावर. अजून धा येळा."

ओसरीत कुणीतरी खुदकन हसलं. हे वळून पडद्याकडं बघत राहिले. मामांनी मात्र मान डोलावली, वरचं टोक सोडलं आणि मधल्या भागावर दहा वेळा वस्तरा फिरवला. सळ्ळ, सळ्ळ. आता आवाज दोन्ही अंगांनी सारखा होता. त्यांनी मनगटावरच्या केसांना धार लावून बघितली. केस न ओढता उतरले.

मग डावा गाल. अप्पांनी सवयीप्रमाणं कुरकुर सुरू केली, साबण गार आहे, खुर्ची कलती आहे, गूळ यंदा चिकट आलाय. मामा वस्तरा फिरवत कानापासून खाली आले. अप्पांचं बोलणं गुळापाशीच अडखळलं. मग त्यांचे ओठ नुसतेच हलले. हनुवटीपर्यंत वस्तरा आला तोवर अप्पांची मान एका बाजूला कलली होती आणि ओसरीतल्या सगळ्यांना ऐकू येईल असं ते घोरत होते. मी पडद्यामागं आत्यांचा हात इतका आवळला की त्यांची बांगडी रुतली.

मामांनी गाल टिपला आणि बाजूला झाले. आता ह्यांची पाळी. ह्यांचा हात हलका आहे, वडलांनीच शिकवलंय, ते काही उणे नव्हते. कोरं ब्लेड, ताजा फेस. त्यांनी कानाखाली पहिला हात मारला आणि अप्पांनी खाडकन डोळे उघडले.

"कोन हाय?"

"मी हाय, अप्पा. दिगंबर."

"बरं बरं. चालू दे," अप्पा म्हणाले, पण परत काही त्यांचा डोळा लागला नाही. ह्यांनी दाढी चोख केली, एक केस मागं ठेवला नाही. दोन्ही गालांना तुरटी फिरली. उजव्या बाजूला अप्पांनी हळूच "स्स" केलं. मग आरशात इकडून बघितलं, तिकडून बघितलं, गाल फुगवले, सोडले.

"अप्पा, बोला की!" माणसं ओरडली.

"मी कुनाची बाजू घ्यायचा न्हाई," अप्पा म्हणाले. "डाव्या गालाला झोप लागली, उजव्या गालाला जाग आली. आता तुमीच ठरवा."

ओसरीत एकच हशा पिकला. हेही हसले, आणि ब्लेडचं पाकीट खिशात घालून मामांच्या पाया पडले. मी तशी ह्यांची बायको, मला वाईट वाटायला हवं होतं. मला इतका आनंद झाला होता की मी स्वयंपाकघरात जाऊन परत रडले. आत्या म्हणाल्या, "ह्या पोरीला दुसरं काय येतच न्हाई का?"

दुपारी सुधाकर आला. जेवणं झाली, आपट्याची पानं दिलीघेतली, आणि मी पलंगाखालची ट्रंक ओढली. चारच्या एस.टी.नं निघायचं होतं. मी आत्यांच्या पाया पडले, मामांच्या पाया पडायला ओसरीत आले. मामा खुंटीवरनं पट्टा काढत होते. त्यांनी तो जुन्या धोतराच्या फडक्यात सैलसर गुंडाळला आणि माझ्यापुढं धरला.

"हे घे."

"मला? कशाला वो, मामा?"

"वरचं टोक राहिलंय न्हवं तुजं. रोज पन्नास हात. तेल आठ दिसांनी, चार थेंब. घडी घालायची न्हाई, गुंडाळायचा. आन् ऊन दाखवायचं न्हाई, दिवाळी असू दे न्हाईतर काय."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. "पण मामा, तुमी करा की. चाळीस वर्सं तुमीच केलंय."

त्यांनी उजवा तळहात माझ्यापुढं उघडला. मी तो पहिल्यांदाच जवळून बघत होते. कोरडा, भेगाळलेला, पिठासारखा पांढरट.

"ह्याला आता घाम येत न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले, ह्यांना ऐकू जाऊ नये असं. "कातडं हातातलं वलंपन पितंय, पोरी. मी निसता घासत व्हतो त्याला. चैतापास्नं वस्तरा घसरत व्हता. अप्पा म्हनायचे, चुरचुरतंय, मी म्हनायचो, साबण बदललाय. पट्टा वरनं काचंवानी गुळगुळीत झाला व्हता, आन् मला हाताला कळत बी नव्हतं. काल तू म्हनालीस धरतंय, तवा मला काय बी लागलं न्हाई बोटाला." त्यांनी तळहात मिटला. "पैज मी हरणारच व्हतो. तू धुतलास म्हनून तो वरचा थर गेला. न्हाईतर उद्यापास्नं मी खुर्चीपाशी बसून असतो."

म्हणून त्यांनी मला चार वेळा विचारलं होतं. मी काय समजले होते आणि काय होतं! मी पट्टा घेतला.

"मग तवर दुकान?" मी विचारलं. "दिवाळीची गर्दी. पट्ट्याबिगर वस्तरा कसा चालंल?"

मामांनी मागं वळून मोठ्यानं हाक मारली. "दिग्या! ती तुजी ब्लेडं फेकलीस का हायेत?"

"हायेत की, तात्या," हे गोंधळून म्हणाले. "पर पैज…"

"पैज वस्तऱ्याची व्हती. वस्तरा जिंकला, चार मानसांनी बगितलं. आता दाव मला, ते अर्धं मोडायचं कसं ते." मग माझ्याकडं न बघता, लिंबाकडं बघून म्हणाले, "भाऊबीज झाली की पट्टा घरी आला पायजे म्हणावं. तो आनायला कुनीतरी लागंलच."

एस.टी.त पट्टा माझ्या मांडीवर होता. सोलापूरला गेल्यावर पहिल्या संध्याकाळी मी तो सलूनच्या मागच्या खोलीत खिळ्याला अडकवला आणि पन्नास हात फिरवायला लागले. माझे वडील दारात येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "माझा मी फेकून दिला गं," आणि दहा हात त्यांनीही फिरवले. रोज मी पन्नास, वडील दहा. माहेरपण सुरेख झालं. चकल्या तळल्या, फराळ झाला, मैत्रिणी भेटल्या. फक्त रोज संध्याकाळी पट्ट्यावरून हात फिरवताना मला वाटायचं, तिकडं मामा ब्लेड मोडताना बोट कापून घेत नसतील ना?

भाऊबिजेच्या दुसऱ्याच दिवशी मी ट्रंक भरली. आजारी पडायचं होतं, आईला बरं नसणार होतं, ते सगळं राहून गेलं. सुधाकर ट्रंक उचलताना चिडवायला लागला. "काय गं, संक्रांतीपर्यंत राहणार होतीस ना? इतकी ओढ लागली सासरची?"

"मला नाही," मी म्हणाले. "पट्ट्याला."

बोरवंड्यात उतरून घराशी आले तर ओसरीत रामलिंगअप्पा खुर्चीत, तोंडाला फेस, आणि मामा अर्धं ब्लेड बोटांत धरून ते वस्तऱ्यात बसवायची खटपट करत होते. हे शेजारी उभे राहून, "तात्या, उलटं बसलंय, उलटं," म्हणत होते. मला बघताच अप्पांनी फेसासकट तोंड उघडलं.

"आलीस व्हय बाई! बरं झालं. तीन आठवडे झाले, ह्या खुर्चीत माजा डोळा लागला न्हाई!"

मामांनी ब्लेड खाली ठेवलं आणि खुंटीसमोरनं बाजूला झाले. त्या खुंटीवर इतक्या दिवसांत कुणी टॉवेलसुद्धा अडकवला नव्हता. मी फडकं सोडलं, पट्टा अडकवला, त्याच्यावरून एकदा हात फिरवला.

"धरतोय?" मामांनी विचारलं.

"वरपर्यंत," मी म्हणाले.